राजर्षी शाहू स्टेडियम, कोल्हापूर : पेठांचा फुटबॉल

राजर्षी शाहू स्टेडियम हे कोल्हापूर शहराच्या जुन्या पेठांमधले फुटबॉलचे मैदान. त्याचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडची 'केएसए', ही संस्था पाहते. केएसएची स्थापना १९४० ची, म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षातली. शहराची वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा आणि हंगामातले बहुतेक मोठे चषक याच एका मैदानावर खेळले जातात.

पेडण्याच्या संस्थेच्या पानावर कोल्हापूरच्या मैदानाची नोंद कशाला, असे कोणी विचारील. आपल्या तालुक्यातील कितीतरी घरांचे कोल्हापूरशी येणेजाणे आहे. कोणाचे शिक्षण तिथे झाले, कोणाची सोयरीक तिथे आहे, अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन तर बहुतेकांचे झालेले असते. पण खरे कारण वेगळे आहे. फुटबॉल म्हणजे गोवा, आणि गोव्यातही बार्देश-सासष्टीचा खेळ, अशी आपली पक्की समजूत. मराठी बोलणाऱ्या, तालमीत घुमणाऱ्या, गणपतीच्या मिरवणुकीत रात्र जागवणाऱ्या एका शहराने हा खेळ किती आपलासा केला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

मैदान आणि परिसर

स्टेडियम रावणेश्वर मंदिराच्या परिसरात आहे. कोल्हापूर हे एकेकाळी तळ्यांचे शहर होते. त्यांतली बरीचशी तळी गेल्या शतकात बुजवली गेली आणि त्या जागांवर मंडया, मैदाने उभी राहिली. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराचे तळेही असेच गेले आणि तिथे फुटबॉल आला. कुस्तीचे खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह इथून दूर नाहीत. कुस्ती, नाटक आणि फुटबॉल ही कोल्हापूरची तीन वेडे अशी चालत जाण्याच्या अंतरावर नांदतात.

मैदान नैसर्गिक गवताचे आहे. आपल्या जवळचे म्हापशाचे दुलेर मैदान कृत्रिम गवताचे. त्यामुळे दुलेरला खेळलेल्या मुलाला शाहू स्टेडियमवर चेंडू वेगळाच उसळताना दिसतो. प्रेक्षकांसाठी सिमेंटच्या पायऱ्यांच्या गॅलऱ्या आहेत. खेळ दिवसाउजेडी होतो. दुपारी एक सामना, त्यानंतर चारच्या सुमारास दुसरा, असा नेहमीचा क्रम असतो आणि मोठ्या संघांची गाठ असली तर ती सहसा दुसऱ्या सामन्यात. दुकानदार शटर अर्धे ओढून, रिक्षावाले रिक्षा कडेला लावून, शाळेची मुले दप्तरासकट पायऱ्यांवर येऊन बसतात. महत्त्वाच्या लढतीला प्रेक्षक हजारोंनी मोजावे लागतात, आणि हे सर्व एका शहरातल्या दोन गल्ल्यांच्या संघांसाठी. आय-लीगच्या काळात फातोर्ड्याला देशातले अव्वल संघ खेळत असताना अर्धे स्टेडियम रिकामे पाहिलेल्या गोवेकराला हे पाहून थोडा हेवा वाटतो.

हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाळ्याआधी संपतो. सुरुवात खेळाडूंच्या नोंदणीने होते. कोणता खेळाडू कोणत्या तालमीकडून नाव घालतो याची चर्चा पेठांमध्ये आठ-आठ दिवस चालते. गेल्या वर्षीचा आपला आघाडीचा खेळाडू पलीकडच्या तालमीत गेला, तर त्याचे दुःख घरातला मुलगा दत्तक गेल्यासारखे होते.

तालीम म्हणजे काय

कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावे वाचली की बाहेरचा माणूस गोंधळतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम. कुस्तीच्या आखाड्यांची ही नावे फुटबॉलला कशी लागली?

राजर्षी शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले. त्यांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्यातून कोल्हापूर देशभरच्या मल्लांचे ठिकाण झाले, आणि खासबागचे मैदान १९१२ मध्ये बांधून पूर्ण झाले. पेठेपेठेत तालमी होत्याच, त्या आणखी जोमात आल्या. तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे. तिथे मारुती असतो, गणपती बसतो, शिवजयंती होते, मोहरमात अनेक तालमींत पंजेही बसतात आणि त्यांत हिंदू घरांचा सहभाग असतो. गल्लीतले भांडण मिटवायचे असो, कोणाच्या मयताला खांदा द्यायचा असो, महापुरात लोकांना घराबाहेर काढायचे असो, हाक तालमीतूनच येते. पुढे मल्ल कमी झाले, काही हौद बंद पडले, पण तालीम ही संस्था टिकली. पोरांच्या हातात चेंडू आला तेव्हा त्यांनी वेगळा क्लब काढला नाही, तालमीच्याच नावाने संघ उतरवला. कुस्तीतली इर्षा तशीच्या तशी फुटबॉलमध्ये आली. 'इर्षा' हा शब्द कोल्हापुरात वाईट अर्थाने वापरत नाहीत. तिथे इर्षेने खेळणे म्हणजे जीव ओतून खेळणे.

गोव्याशी तुलना केली की हा फरक नीट कळतो. आपल्याकडे १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी शिवोलीत फुटबॉल आणला असे मानतात. शिवोली म्हणजे चोपड्याच्या समोरचा काठ, मध्ये फक्त शापोरा नदी. पण पेडणे नव्या काबिजादीतला तालुका, सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे आलेला. खेळ नदी ओलांडून आपल्याकडे यायला बराच काळ गेला. बार्देश-सासष्टीत तो चर्चच्या मैदानांवर आणि पाद्रींच्या शाळांत वाढला. पुढे मोठे संघ उद्योजक घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या नावाने उभे राहिले: धेंपो, साळगावकर, सेझा, चर्चिल ब्रदर्स. धेंपोने देशाची साखळी पाच वेळा जिंकली. पण मालकाने हात आखडला की असा संघ आटतो. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले तेव्हा आपण ते पाहिले. कोल्हापूरच्या तालमीला मालक नाही. ती बंद करायची तर पेठ बंद करावी लागेल. तिची मर्यादाही हीच, ती पुढे येईलच.

संघ आणि पेठा

मंगळवार पेठेत पाटाकडील, बालगोपाल आणि प्रॅक्टिस क्लब हे तीन मातब्बर संघ. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ. रविवार पेठेत दिलबहार. जुना बुधवार पेठ आणि उत्तरेश्वर पेठ यांचे आपापले संघ आहेत. जुन्या गावाबाहेरच्या फुलेवाडीनेही वरिष्ठ गटात जागा मिळवली. पाटाकडील तालीम तर एक संघ पुरेना म्हणून 'अ' आणि 'ब' असे दोन उतरवते. कोल्हापूर पोलीस दलाचाही संघ साखळीत आहे. त्यांच्या सामन्याला मैदानात पोलीस, मैदानाबाहेर बंदोबस्ताला पोलीस, आणि गॅलरीतले प्रेक्षक पोलिसांनाच डिवचतात, असा मजेदार प्रकार पाहायला मिळतो.

वरिष्ठ गटात सोळा संघ असतात. त्याखाली ब, क, ड असे गट. वरून घसरण आणि खालून बढती दोन्ही होते, त्यामुळे तळातल्या दोन संघांचा सामनाही विजेतेपदाच्या सामन्याइतका चुरशीचा होतो. साखळीच्या जोडीला बाद पद्धतीच्या चषक स्पर्धा असतात. त्यांची नावे अनेकदा राजकीय पुढाऱ्यांशी जोडलेली: सतेज चषक, राजेश चषक, महापौर चषक, चंद्रकांत चषक. यांतला शेवटचा चंद्रकांत जाधव यांच्या नावाचा. ते स्वतः फुटबॉल खेळलेले उद्योजक, २०१९ मध्ये कोल्हापूर उत्तरचे आमदार झाले आणि डिसेंबर २०२१ मध्ये वारले. फुटबॉलच्या जोरावर विधानसभेपर्यंत ओळख पोहोचलेला माणूस महाराष्ट्रात दुसरीकडे सापडणे कठीण. राजकारण्यांना गॅलरीतली गर्दी दिसते हे उघड आहे, आणि चषकाच्या बक्षिसाच्या रकमेवर तालमीचा हंगामाचा खर्च निघतो हेही तितकेच उघड.

छत्रपती घराण्याचा संबंध आजतागायत आहे. शाहू छत्रपती केएसएचे प्रमुख आश्रयदाते, त्यांचे धाकटे चिरंजीव मालोजीराजे अध्यक्ष. मालोजीराजे २०२२ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवरही निवडून गेले.

गॅलरीतली रीत

शाहू स्टेडियमवर कोणीही कुठेही बसत नाही. कोणत्या पेठेचे समर्थक कोणत्या बाजूला, हे ठरलेले असते. नवख्या पाहुण्याने बसण्यापूर्वी आजूबाजूच्या झेंड्यांचे रंग पाहावेत, एवढे सांगून ठेवतो.

हलगी आणि घुमके यांचा ठेका सामन्याआधीच सुरू होतो. हाच ठेका कुस्तीच्या मैदानात मल्ल येताना वाजतो. गोल झाला की कागदाचे तुकडे आणि गुलाल उधळतात. घोषणा बहुतेक त्या त्या आठवड्याच्या ताज्या, कोणी लिहून ठेवत नाही. प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू मागच्या सामन्यात घसरून पडला असेल तर त्याला ते पुढच्या पाच सामन्यांत ऐकावे लागते. कोल्हापुरी बोलण्यातला रांगडेपणा इथे पुरेपूर असतो, म्हणून लहान मुलांना नेणाऱ्या पालकांनी कानांची तयारी ठेवावी.

सामना संपला की दोन बक्षिसे दिली जातात. एक सामनावीराला आणि दुसरे 'लढवय्या' खेळाडूला. हे दुसरे बक्षीस मला फार आवडते. ते हरलेल्या संघातल्या खेळाडूलाही मिळू शकते, आणि पेठेत त्याची किंमत सामनावीराहून कमी नाही. दुसऱ्या दिवशी स्थानिक मराठी वृत्तपत्रे सामन्याचे सविस्तर वर्णन छापतात: कोणाच्या पासवर कोणी, कितव्या मिनिटाला, डाव्या पायाने की डोक्याने. पूर्वार्ध, उत्तरार्ध, मैदानी गोल, टायब्रेकर, सडनडेथ ही भाषा तिथल्या आजोबांनाही पाठ असते. गावठाणातल्या खेळाला इतकी जागा देणारी वृत्तपत्रे गोव्यातही आता उरलेली नाहीत.

अंतिम सामना जिंकल्यावर चषक तालमीत जातो. मिरवणूक निघते, घराघरांतून ओवाळतात, जुने खेळाडू कट्ट्यावर बसून आपल्या काळचे गोल पुन्हा मारतात. विश्वचषक असला की या पेठा ब्राझील, अर्जेंटिना आणि पोर्तुगालमध्ये वाटल्या जातात. २०२२ च्या विश्वचषकात चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो आणि नेमार यांचे कटआउट उभे होते. गोव्यातही हे दिसते, पण आपल्या पोर्तुगाल-प्रेमामागे साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे. मंगळवार पेठेतल्या मुलाचे अर्जेंटिना-प्रेम निखळ फुटबॉलचे.

हुल्लडबाजी

ही बाजू झाकून नोंद पूर्ण होणार नाही. इर्षा आणि खुन्नस यांत एका बोटाचे अंतर आहे. मोठ्या पेठांच्या सामन्यांत शिवीगाळ, बाटल्या-दगड फेकणे, खेळाडूंत हाणामारी आणि मग मैदानाबाहेर गल्लीत त्याचे पडसाद, असे प्रकार अनेक हंगामांत घडले. सामने मध्येच थांबवावे लागले, काही प्रेक्षकांविना खेळवले गेले, संघांना दंड झाले, तरुणांवर गुन्हे नोंदले गेले. गुन्हा नोंदलेल्या मुलाच्या नोकरीच्या आणि पासपोर्टच्या वेळी ती नोंद आडवी येते, हे त्याला गॅलरीत असताना कोणी सांगत नाही. मोबाईल आल्यापासून भांडण मैदानावर सुरू होण्याआधीच स्टेटसवर सुरू झालेले असते.

केएसए, पोलीस आणि तालमींचे जुने कार्यकर्ते यांच्या बैठका दर हंगामापूर्वी होतात. समर्थकांना वेगवेगळ्या दरवाजांनी आत सोडणे, गॅलऱ्यांमध्ये अंतर ठेवणे, चित्रीकरण करणे, मैदानावर उतरलेल्या प्रेक्षकाच्या संघालाच जबाबदार धरणे असे उपाय झाले. त्यांचा उपयोग होतो, पण जिथे तालमीतले वडीलधारे स्वतः गॅलरीत बसतात तिथे सर्वाधिक होतो. पेठेतल्या पोराला पोलिसाची जेवढी भीती नाही तेवढी आपल्या तालमीच्या काकांची असते. अडचण ही की काकांनाही कधीकधी आपला संघ हरताना पाहवत नाही.

काही जण म्हणतात, पेठांची नावेच काढून टाका, कंपन्यांचे संघ करा, शांतता होईल. होईलही. पण मग दुपारी शटर ओढून मैदानावर यायला कोण उरेल? प्रश्न सोपा नाही, आणि त्याचे उत्तर केएसएने अजून एकाच बाजूने दिलेले नाही, हे बरेच आहे असे मला वाटते.

इतके वेड, मग खेळाडू किती?

हा प्रश्न गोवेकर हमखास विचारतो. गोव्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाखांची, पण ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक असे भारतीय संघातले खेळाडू आपण एका दमात मोजतो. गोव्याने संतोष ट्रॉफीही अनेकदा जिंकली. कोल्हापूरची यादी त्यामानाने छोटी आहे.

कारण गॅलरीतच आहे. पेठेचा खेळाडू पेठेत राजा असतो. त्याला मानधन मिळते, मान मिळतो, लग्नकार्यात पुढची खुर्ची मिळते. बाहेर जाऊन पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या संघात राखीव बाकावर बसण्यापेक्षा त्याला घरच्या मैदानावरचा जयघोष गोड वाटतो. हंगामही सहा-सात महिन्यांचा. मोठे संघ जिंकण्याच्या घाईत बाहेरगावचे, क्वचित आफ्रिकेतलेही, तयार खेळाडू आणतात आणि तेवढ्या जागा तालमीच्या पोरांच्या जातात. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचे नियम त्यातूनच आले.

तरी वाट अगदी बंद नाही. निखिल कदम मोहन बागानकडून खेळला. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ. तोच अनिकेत २०२१-२२ च्या हंगामात हैदराबाद एफसीमध्ये होता. त्या हंगामाचा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना २० मार्च २०२२ रोजी आपल्या फातोर्ड्यावर झाला. हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरमध्ये हरवले आणि तीन पेनल्टी अडवून सामना फिरवला तो गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने, जो गोव्याचा. कोल्हापूर आणि गोवा त्या रात्री एकाच बाजूला होते, हे आपल्यातल्या फार कमी जणांच्या लक्षात आले. मुलींच्या खेळातही थोडी हालचाल आहे: एफसी कोल्हापूर सिटी हा संघ राष्ट्रीय महिला साखळीत उतरला होता.

पेडण्याहून जाणाऱ्यांसाठी

आंबोली घाट चढून आजऱ्याच्या वाटेने जाणाऱ्यांना कोल्हापूरच्या आधी गडहिंग्लज लागते. तिथेही फुटबॉलचे वेड जुने आहे. गडहिंग्लज युनायटेड फुटबॉल असोसिएशनच्या दिवाळीतल्या स्पर्धा एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर होतात आणि त्यांना गोव्याचे संघही येतात. दिवाळीच्या सुटीत निघालात तर आधी गडहिंग्लज, आणि डिसेंबरनंतर गेलात तर थेट शाहू स्टेडियम असा बेत ठेवावा. सामन्यांचे वेळापत्रक केएसए जाहीर करते आणि कोल्हापूरच्या वृत्तपत्रांत ते रोज असते.

पेडण्याचे सुपुत्र भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाच्या सुवर्णचषकासाठी सत्तरच्या दशकात देशातले नामांकित संघ पणजीला येत. एफसी गोवाने ती स्पर्धा २०२४ मध्ये नव्या रूपात पुन्हा सुरू केली. आपल्या तालुक्यातल्या ज्येष्ठ सभासदांपैकी ज्यांनी पणजीचे ते जुने सामने पाहिले, किंवा ज्यांनी कोल्हापुरात शिकताना शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर दुपारी काढल्या, त्यांनी आपल्या आठवणी आणि जुनी छायाचित्रे संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावीत. छायाचित्रांची प्रत काढून मूळ प्रत परत केली जाईल.